आजारपणाची रजा: ऑफिसला किती सांगायचं? (आणि मराठी शाळेच्या पार्किंग लॉटला?)

गवती_चहा:
नमस्कार मंडळी. नऊ-दहा वर्षं नुसतीच वाचतेय, आज पहिल्यांदा धागा काढतेय. विभाग चुकला असेल तर ॲडमिननी हलवावा.

मी कॅलिफोर्नियात, बे एरियात असते. साधारण तीनशे माणसांची कंपनी, एच-वन-बी वर्क व्हिसा, या नोकरीत पाच वर्षं झाली. डॉक्टरांनी सहा ते आठ आठवडे काम पूर्ण बंद ठेवायला सांगितलंय. काय झालंय ते इथे लिहिणार नाही. जिवावरचं नाही, एवढं पुरे.

अडचण अशी की माझा मॅनेजर मराठी आहे. माणूस खरंच चांगला. रजेचा विषय काढला तर म्हणाला, "अगं, आठ आठवडे? झालंय काय? मला सांगून ठेव, म्हणजे मी वर नीट मांडीन." माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण त्याची बायको आणि मी एकाच गणपतीच्या कमिटीत, आमच्या मुली एकाच मराठी शाळेत. शुक्रवारी कॉलवर सांगितलं की रविवारी सकाळी शाळेच्या पार्किंग लॉटमध्ये कोणीतरी माझ्या दंडावर हात ठेवून हळू आवाजात विचारणार, "आता कसं वाटतंय?" तो हात मला नकोय.

एचआरकडून दोन गोष्टी आल्यात. एक एफएमएलएचा, म्हणजे रजेच्या फेडरल कायद्याचा फॉर्म, डॉक्टरांनी भरायचा. दुसरी म्हणजे रजा सांभाळणाऱ्या बाहेरच्या कंपनीची लिंक. तिथे एका कागदावर सही मागितलीय, की माझे सगळे वैद्यकीय रेकॉर्ड त्यांना द्यायला माझी हरकत नाही. सगळे म्हणजे? बाळंतपणाचेसुद्धा?

कोणाला काय सांगणं भाग आहे? जे यातून गेलेत त्यांनी लिहा प्लीज.

आंबट_गोड:
काळजी घे गं. पण नक्की काय झालंय? म्हणजे त्याप्रमाणे सांगता येईल.

गवती_चहा:
@आंबट_गोड ताई, धाग्याचं नाव परत एकदा वाचा. :)

एचआरवाली_मावशी:
मी तेरा वर्षं हेच करते, तेही कॅलिफोर्नियातच. वकील नाही, तेव्हा अनुभव म्हणून वाच.

लोकांना वाटतं रजा म्हणजे एकच काम, तिथेच घोळ होतो. आपल्या पोस्टात कशा खिडक्या असायच्या, मनीऑर्डरची वेगळी, रजिस्टरची वेगळी? तसं धर. नोकरी राखणारी खिडकी वेगळी, पैसे देणारी वेगळी. मॅनेजर तर कुठल्याच खिडकीत बसत नाही, तो आपल्यासारखाच रांगेत.

नोकरीची खिडकी म्हणजे एफएमएलए, १९९३ चा फेडरल कायदा, आणि त्याचा कॅलिफोर्नियातला भाऊ सीएफआरए. वर्षभर नोकरी आणि मागच्या बारा महिन्यांत १,२५० तास काम झालेलं असेल, तर बारा आठवडे रजा आणि परत आल्यावर तीच किंवा तशीच जागा. पगार नाही. फेडरल कायद्याला ७५ मैलांच्या आत ५० माणसं लागतात, सीएफआरएला पाच पुरतात. तू दोन्हीत बसशील. कंपनीला डॉक्टरांचा दाखला मागता येतो, तो आणायला निदान पंधरा दिवस द्यावे लागतात.

आता मेख इथे आहे. एचआरने तुला बहुतेक फेडरल फॉर्म पाठवलाय, डब्ल्यूएच-३८०-ई. त्यात आजाराची माहिती लिहायला मोकळी जागा आहे आणि डॉक्टर मंडळी सवयीने तिथे निदान ठोकून देतात. सीएफआरएखाली कंपनीला निदान विचारताच येत नाही. त्या फेडरल फॉर्मवरही लिहिलेलं आहे की काही राज्यांचे कायदे निदान उघड करू देत नाहीत, फक्त ते कोणी वाचत नाही. तू एचआरला एका ओळीची मेल टाक, "कृपया सीएफआरएचा फॉर्म पाठवा." त्यात गंभीर आजार आहे का, कधीपासून कधीपर्यंत, काम करता येतं की नाही, एवढंच असतं.

पैशाची खिडकी म्हणजे पगाराच्या चिठ्ठीवर 'सीए एसडीआय' म्हणून दर वेळी कापले जातात ना, ते, म्हणजे राज्याचा आजारपणाचा विमा. तो दावा ईडीडीकडे, म्हणजे राज्य सरकारकडे. तिथे निदान लागतं, कोडसकट लागतं, पण ते डॉक्टर परस्पर ईडीडीला कळवतात. ईडीडी कंपनीला डीई २५०३ नावाचा कागद पाठवतं, की तुमच्या या कर्मचाऱ्याने दावा केलाय, शेवटचा कामाचा दिवस कोणता, पगार चालू आहे का वगैरे. आजाराचं नाव त्यात नसतं. पहिले सात दिवस कोरडे जातात. अर्ज पहिल्या नऊ दिवसांत करायचा नाही आणि ४९ दिवस उलटू द्यायचे नाहीत. २०२५ पासून पगाराच्या ७० ते ९० टक्के मिळतात, वर कमाल मर्यादा आहे, त्यामुळे आयटीच्या पगारावर फार हुरळून जाऊ नकोस.

मॅनेजरला तारखा. बस. तो डॉक्टरांना फोन करू शकत नाही. दाखला खरा आहे ना, एवढी खातरजमा कंपनी करू शकते, पण ती एचआरने किंवा रजा बघणाऱ्याने करायची. थेट वरिष्ठाने नाही, हे नियमात सरळ लिहिलंय.

उलट बाजूही सांगते. नुसतं "बरं नाहीये" म्हणून भागत नाही. "डॉक्टरांच्या उपचाराखाली आहे आणि अमुक तारखेपासून काम करू शकत नाही" एवढं तरी बोलावं लागतं, नाहीतर ही या कायद्यातली रजा आहे हे कंपनीला कळणार कसं?

दोन_डगरी:
थोडं वेगळं बोलतो, राग मानू नका. सगळं कायद्याच्या फूटपट्टीने मोजायचं म्हटलं तर माणसं उरतील का? २०१४ साली माझी बायपास झाली. मॅनेजरला सगळं सांगितलं होतं. तो तमिळ. सहा आठवडे दर बुधवारी त्याच्या घरून रसम यायचं, स्टीलच्या डब्यात, झाकणाला रबर लावून. न सांगता आलं असतं का? गवती चहा, तुझा मॅनेजर चांगला आहे असं तूच म्हणतेस.

तिरपी_मान:
@दोन_डगरी, बायपासला रसम येतं. माझ्या आजाराला आलं नसतं.

मला फिट्स येतात. आठ वर्षांपूर्वी मीही चांगुलपणानेच बॉसला सांगितलं, कॉफी पिता पिता. तो अतिशय नीट वागला. मग क्लायंटकडे जाणं बंद झालं, "तुला दगदग नको." मग मोठी प्रेझेंटेशन्स दुसऱ्याकडे गेली, "तुला ताण नको." वर्षाच्या शेवटी रिव्ह्यूत लिहून आलं की व्हिजिबिलिटी कमी पडते. कोणाच्या मनात काही वाईट नव्हतं हो, म्हणून तर भांडायचं कोणाशी हे कळेना.

तेव्हा वकिलाकडे गेलो. १९९० चा एडीए, म्हणजे अपंगांच्या हक्कांचा कायदा, म्हणतो की कंपनीने विचारून मिळवलेली वैद्यकीय माहिती वेगळ्या फायलीत, कुलपात ठेवायची. वरिष्ठाला कामापुरतं कळवायचं, काय जमणार नाही आणि काय सोय लागेल एवढंच. पण मी आपण होऊन गप्पांत सांगितलेलं? अनेक कोर्टांनी ते या कुलपाबाहेर धरलंय. कंपनीने विचारलंच नव्हतं. मीच दिलं होतं, दोन चमचे साखर घालून.

दोन_डगरी:
हे लक्षात आलं नव्हतं. शब्द मागे घेतो. रसम मात्र खरं होतं.

म्युनिकचा_मन्या:
इकडची गंमत सांगतो. जर्मनीत डॉक्टर पूर्वी पिवळी चिठ्ठी द्यायचे. एक प्रत आरोग्य विम्याला, तिच्यावर निदानाचा कोड. एक प्रत कंपनीला, तिच्यावर कोड नाही, नुसत्या तारखा. पण कंपनीच्या प्रतीवर डॉक्टरांचा शिक्का असायचा! मानसोपचारतज्ज्ञाचा शिक्का दिसल्यावर कोड हवाय कशाला? माझा एक सहकारी त्यापायी मुद्दाम फॅमिली डॉक्टरकडून चिठ्ठी लिहून आणायचा. २०२३ पासून ते सगळं इलेक्ट्रॉनिक झालं, कंपनी विमा संस्थेकडून थेट तारखा घेते आणि त्यात डॉक्टरांचं नावच येत नाही.

गवती चहा, तुझ्या दाखल्याचं लेटरहेड बघ आधी.

एचआरवाली_मावशी:
मन्या, शंभर मोदक तुला. मी हे सांगायला विसरले. आत निदान नाही आणि वर ठळक अक्षरात विभागाचं नाव, असे दाखले मी आठवड्याला दोन बघते.

कोथरूडचा_कट्टा:
तुमचं वाचून हेवा वाटतोय. आपल्याकडे मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमावलीत रजेच्या दाखल्याचा नमुनाच दिलेला आहे, त्यात "इज सफरिंग फ्रॉम" आणि पुढे रिकामी जागा. रोगाचं नाव घालायची सोय छापील! त्याच नियमावलीत पुढे रुग्णाचं गुपित फोडू नये असंही म्हटलंय. मग लोक काय करतात, तर त्या रिकाम्या जागेत "व्हायरल फीव्हर". आमच्या टीममध्ये एकाला साडेतीन आठवडे व्हायरल होता. व्हायरल नाही हे सगळ्यांना कळलं, मग काय असेल यावर चहाच्या टपरीवर पैजा.

गेल्या वर्षी माझं ऑपरेशन झालं तेव्हा ग्रुप मेडिक्लेमसाठी एचआरने डिस्चार्ज समरी मागितली. मी मेलला रिप्लाय ऑल केलं. सीसीत किती जण आहेत हे पाठवल्यावर बघितलं. अकरा. त्यातला एक कॅन्टीनची कुपनं बघणारा. पुढच्या वेळी टीपीएच्या, म्हणजे विम्याचे क्लेम बघणाऱ्या कंपनीच्या ॲपवर थेट कागद चढवले, एचआरला मध्ये घेतलंच नाही, क्लेम तसाच पास झाला. पुण्या-मुंबईकडच्यांनी हे लक्षात ठेवा.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात कलम २३ मध्ये गुप्ततेचा हक्क आहे, पण गुप्तता पाळायची जबाबदारी उपचार करणाऱ्यांवर टाकली आहे. सीसीतल्या अकरा जणांवर नाही.

खिडकीतलं_मांजर:
कायद्याचं मावशी बघतायत, मी घरगुती टिपा देते. ऑफिसच्या लॅपटॉपवर पेशंट पोर्टल उघडायचं नाही, रजेची फॉर्मबाजी स्वतःच्या मेलवरून, ऑफिसच्या प्रिंटरवर काही काढायचं नाही.

आणि कॅलेंडर! मी शहाणपणाने फक्त "अपॉइंटमेंट" लिहिलं होतं. खाली पत्ता आपोआप येऊन बसला: ऑन्कॉलॉजी, म्हणजे कॅन्सर विभाग, दुसरा मजला. टीमला माझं कॅलेंडर उघडं. तीन दिवसांनी माझ्या लक्षात आलं. गाठ साधी निघाली, पण तोवर दोघांनी मला मिठी मारून झाली होती.

गवती_चहा:
मावशी, मन्या, मांजर, सगळ्यांचे आभार. लेटरहेडचं तर डोक्यातच नव्हतं.

तो सहीचा कागद आज नीट वाचला. अडीच पानं, मुंगीएवढी अक्षरं. "कोणतेही आणि सर्व रेकॉर्ड", मुदत २४ महिने. सही केली नाही तर रजा नाकारतील का? आणि एच-वन-बीवर बिनपगारी रजा चालते ना? दुसरं म्हणजे, मला वाटतं हे हिपाचं, म्हणजे वैद्यकीय माहितीच्या गुप्ततेच्या फेडरल कायद्याचं, उल्लंघन आहे, एचआरला तसं लिहू का?

एचआरवाली_मावशी:
शेवटचं आधी. हिपा डॉक्टर, इस्पितळ आणि आरोग्य विमा यांना बांधतो. नोकरी देणारी म्हणून तुझी कंपनी त्यात येत नाही. "हे हिपाचं उल्लंघन" असं एचआरला लिहिलंस तर समोरची बाई मनातल्या मनात हसेल. मी हसलेली आहे.

तुला उपयोगी पडेल तो वैद्यकीय माहितीच्या गुप्ततेचा कॅलिफोर्नियाचा कायदा सीएमआयए, १९८१ चा. त्याप्रमाणे अशी संमती एकतर हाताने लिहिलेली हवी, नाहीतर निदान १४ पॉइंटच्या अक्षरात. १४ पॉइंट म्हणजे आजीच्या पोथीएवढं. मुंगीएवढं चालत नाही. कोण देणार, कोणाला देणार, कशासाठी वापरणार, कधी संपणार, हे सगळं त्यात लिहिलेलं हवं. सही नाकारली म्हणून कंपनीने डूख धरायचा नाही, असंही त्यात आहे.

पण भांडायच्या आधी एक प्रश्न विचार: ही बाहेरची कंपनी तुला पैसे देणार आहे की फक्त रजा मोजणार आहे? नुसती रजा मोजणार असेल तर डॉक्टरांचा दाखला पुरतो, रेकॉर्डची गरजच नाही. तुमच्या कंपनीचा वेगळा शॉर्ट-टर्म डिसॅबिलिटी विमा असेल आणि तो ही मंडळी चालवत असतील, तर पैसे देण्याआधी ते कागद बघणारच. तिथे नाही म्हणता येतं, पण मग पैसे अडकतात. अशा वेळी सही करायची, पण कागद आवळून घ्यायचा: फक्त या रजेच्या कारणाचे, या डॉक्टरांकडचे, या तारखेपासूनचे, मुदत रजेपुरती. बाळंतपण त्यात येत नाही. समुपदेशकाने सेशनच्या स्वतःच्या वेगळ्या नोंदी ठेवल्या असतील तर त्यांना हिपाखाली स्वतंत्र संमती लागते, इथे मात्र हिपा कामाला येतो.

एच-वन-बी: आजारपणामुळे तू स्वतः मागितलेल्या रजेत पगार दिला नाही तर कंपनीकडून नियमभंग होत नाही, नोकरीचं नातं चालू असतं. तरी इमिग्रेशन वकिलाला एक मेल टाकून ठेव.

जोशीकाकू_डॅलस:
मुलींनो, कायदे तुम्ही बघा. पण त्या मॅनेजरला तोंडावर सांगायचं काय, ते कोणीच सांगत नाहीये. आमच्या वेळी बँकेत "अंगात कसर आहे" म्हटलं की पुढे कोणी विचारत नसे. पुरुष तर मुळीच नाहीत, बायकांचं काहीतरी असेल म्हणून मान खाली घालून निघून जायचे. आठ आठवडे कसर चालणार नाही म्हणा.

तिरपी_मान:
काकू :)

माझं मत, इंग्रजीत मेल लिही. फोनवर मराठीत बोललीस की तो "अगं" म्हणणार आणि तू सांगून बसणार.

आंबट_गोड:
मला वाटतं पाठीचं असावं. बसून बसून सगळ्यांचं तेच होतंय. गवती चहा, पाठीचं असेल तर मला निरोप टाक, एक चांगले फिजिओ आहेत.

गवती_चहा:
नऊ आठवड्यांनी परत आले धाग्यावर. सोमवारपासून कामावर रुजू. काय काय झालं ते लिहिते, कोणाच्या तरी उपयोगी पडेल.

सीएफआरएचा फॉर्म मागितल्यावर एचआरने दहा मिनिटांत पाठवला, जणू शेजारीच ठेवला होता. तो दवाखान्यात दिला. परत मिळाला तेव्हा मी गाडीत बसून वाचला, आणि निदान विचारलेलं नसताना कोपऱ्यात, समासात, निळ्या पेनाने लिहिलेलं! अख्खं नाव, वर कंसात कोड. परत आत गेले. काउंटरवरची बाई म्हणाली, "सगळ्यांनाच लिहून देतो, त्याने काम लवकर होतं." मी म्हटलं, माझं होऊ दे उशिरा. तिने व्हाइटनर काढला. मी तिला विनवलं की व्हाइटनर नको, त्याने लोकांना आणखी वाचावंसं वाटतं, नवीन पान दे. दिलं. लेटरहेडही विभागाचं नको, मुख्य दवाखान्याचं मागितलं. तेव्हा मात्र तिने माझ्याकडे जरा निरखून पाहिलं.

बाहेरची कंपनी फक्त रजा मोजणारी निघाली. मावशींचा प्रश्न जसाच्या तसा विचारला, उत्तर आलं की दाखला पुरेसा आहे, सहीची गरज नाही. मग पाठवला कशाला होता, हे विचारलं नाही. ईडीडीचे पैसे तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी सुरू झाले.

मॅनेजरला मेल इंग्रजीत लिहिली. चार ओळी: उपचार चालू आहेत, या तारखेपासून या तारखेपर्यंत काम करू शकत नाही, कागद एचआरकडे, हँडओव्हरची फाईल जोडली आहे. लिहिताना फार कोरडं वाटत होतं, पण इंग्रजीत आमचं नातं ऑफिसपुरतंच आहे, हे तिरपी_मान यांचं खरं. त्याचं उत्तर आलं, "नोटेड. टेक केअर." त्यानंतर पहिल्या रविवारी शाळेच्या पार्किंग लॉटमध्ये त्याची बायको समोरून आली. मी दंड आखडून उभी. ती म्हणाली, "गौरींच्या मुखवट्यांचं खोकं तुझ्याकडेच आहे ना गं? मी घरभर शोधतेय." घरी त्याने एक अक्षर सांगितलं नव्हतं. रजेवर आहे हेसुद्धा नाही.

आता पहिले दोन आठवडे अर्धा दिवस काम. डॉक्टरांच्या चिठ्ठीत एवढंच: दिवसाला चार तास, दर तासाला दहा मिनिटं विश्रांती. टीममधल्या एकाने मीटिंगमध्ये विचारलं, हिला का सूट? मॅनेजर म्हणाला, "शेड्यूल माझ्याशी ठरलंय," आणि पुढची स्लाइड लावली.

एचआरवाली_मावशी:
शाबास त्याची. तुला आजारपणामुळे सवलत दिलीय, एवढंसुद्धा त्याने टीमला सांगायचं नसतं, कारण त्यातूनच आजार आहे हे कळतं. निम्म्या मॅनेजरांना हे शिकवावं लागतं.

गवती_चहा:
हो, पण त्याचा परिणाम असा की टीमची खात्री झालीय की मी गरोदर आहे. काल स्टँडअपला, म्हणजे रोजच्या उभ्याने होणाऱ्या मीटिंगला, कोणीतरी मला खुर्ची आणून दिली. मी काही बोलले नाही. आता सगळे अधूनमधून पोटाकडे बघतात.

आंबट_गोड:
अय्या! मग आधी नाही का सांगायचं? डोहाळजेवण कधी?